आजींची दुपार

(दृश्य : खिडकीजवळची खाट. निवेदन सावकाश, मध्ये थांबत.)

आजींचं वय ९१. दिवसातला बराचसा वेळ त्या झोपून असतात. जाग आली की आधी खिडकीकडे बघतात, मग दाराकडे. कोण आलंय, हे त्यांना नुसत्या पावलांवरून कळतं.

(दृश्य : हात, अगदी जवळून.)

हा हात बघा. वरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तिची घडी लगेच मोडत नाही. खालची चरबी आटलीय, कातडीला ताण देणारे तंतू सैल पडलेत. शिरा वर आल्यात. अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलाय. झीज भरून काढायचं काम हे शरीर जन्मभर करत आलं. आता ते मागे पडत चाललंय. तरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "यांना नक्की झालंय तरी काय?" म्हातारपण, एवढं उत्तर कुणालाच पुरत नाही.

(दृश्य : ताट, वाटी, चमचा. लेक खाटेच्या कडेला बसलेली.)

या घरातली सगळ्यात अवघड वेळ जेवणाची.

"आई, एवढा एकच घे ना." आजी ओठ मिटून घेतात. लेकीचे डोळे भरून येतात. आई खात नाही म्हणून ती चाललीय, असं लेकीला वाटतं. खरं तर उलट असतं. शरीर आवरतं घेऊ लागलं की भूक आपणहून मंदावते. आतड्यांची हालचाल कमी होते, पोटात गेलेलं पचवायची ताकद उरत नाही. बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जायची भीती असते. अशा वेळी ओठ ओले करावेत, मागितलं तर घोटभर पाणी द्यावं, तोंड स्वच्छ ठेवावं. बस. पण जिनं आपल्याला जन्मभर भरवलं, तिला भरवायचं नाही? हे कुठल्याही लेकीच्या गळी उतरणं कठीण. तिला समजावणाऱ्या डॉक्टरांनी घाई करू नये, एवढं मात्र मनापासून वाटतं.

मरणाच्या वाटेवरच्यांची काळजी कशी घ्यावी, याचा विचार ब्रिटनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी केला. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि त्यानंतर शिकून डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटाला आलेल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. मरणाच्या दारातल्या माणसाचं दुखणं नुसतं अंगाचं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात मनाची घालमेल असते, घरच्यांची काळजी असते, आपण जगलो ते कशासाठी हा प्रश्न असतो. औषध या सगळ्यावर हवं.

(दृश्य : आजी बोलताहेत. आवाज ऐकू येऊ द्यावा, मग निवेदन.)

आजी पुन्हा धाकट्या बहिणीचं सांगताहेत. कधीकाळी दोघींचं बोलणं तुटलं होतं. ही गोष्ट घरात सगळ्यांची पाठ झालीय. तरीही, "हे सांगून झालंय" असं म्हणून त्यांना तोडू नये. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ सालीच लिहून ठेवलंय की उतारवयात मागचं आठवत राहणं हे भ्रमिष्टपणाचं लक्षण मानू नये. शेवट जवळ आल्याचं जाणवलं की मन आयुष्य पुन्हा चाळून बघतं, राहून गेलेलं मिटवू पाहतं. आजी झोपून वाट बघताहेत असं आपल्याला दिसतं. आत त्यांचं काम चालू आहे.

पुढे शुद्ध हरपेल. श्वास कधी खोल, कधी उथळ होईल, मध्येच थांबेल, पुन्हा सुरू होईल. तेव्हाही खाटेजवळ बसून त्यांच्याशी बोलत राहावं. कॅनडातला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शेवटच्या तासांत, हाकेला ओ न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू आवाजांना प्रतिसाद देत असल्याचं त्यात आढळलं. शब्दांचा अर्थ लागतो की नाही, हे त्यातून सांगता येत नाही. आवाज मात्र पोचत असू शकतो.

(दृश्य : लेक फोनवर. आजी तिच्याकडे बघताहेत.)

आजींनी लेकीला जवळ बसवून सांगितलंय, "मला आता कुठं हलवू नका. नळ्या नकोत." लेक "बरं" म्हणाली. मुलाला ते पटलेलं नाही. उद्या तो येतोय, आईला मोठ्या दवाखान्यात न्यायचंच असं ठरवून. आजींना हे माहीत आहे. त्यांनी लेकीला बजावलंय, "तो आला की मी झोपले असले तरी उठव. त्याच्याशी मीच बोलेन."