गुण वाढले, पण मूल वाढलं का?

नमस्कार! फोंड्याच्या एका शाळेत पहिलीच्या आणि सहावीच्या मुलांची बुद्धी एकाच दिवशी तपासली, तर फरक दिसणारच. तो वयाचा, घरचा की शिक्षकांचा, हे मात्र कळणार नाही. त्यासाठी तीच मुलं वर्षानुवर्षं तपासावी लागतात. हाच दीर्घकालीन अभ्यास.

आता स्मरणशक्तीची एक चाचणी बघा. तीन... आठ... सहा. सेकंदाला एक आकडा, सपाट आवाजात. मुलानं उलटं म्हणायचं: सहा, आठ, तीन. आकडे जोडीजोडीनं म्हटलेत की मूल गठ्ठे बांधून लक्षात ठेवतं आणि गुण फुकटचे चढतात. पुढच्या फेरीला, म्हणजे तीच मुलं पुन्हा तपासताना, तेच आकडे नकोत, आणि नवे दिले तरी चाचणी ओळखीची झाल्याचा थोडा फायदा मिळतोच.

इथे नवखे हमखास फसतात. वयानुसार बसवलेला, म्हणजे त्याच वयाच्या मुलांच्या सरासरीशी ताडलेला गुण सर्वसाधारण मुलाला पाचव्या वर्षी १०० देतो, दहाव्या वर्षीही १००च. मग वाढ दिसणार कुठून? कच्चे गुण, म्हणजे किती उत्तरं बरोबर आली तो मूळ आकडा, जपून ठेवा.

गोव्यात आणखी एक खोच आहे. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकलेली बरीच मुलं पाचवीत इंग्रजीकडे वळतात. त्याच वर्षी तुम्ही सूचनाही इंग्रजीत दिल्यात, तर गुण घसरतील, बुद्धी नव्हे. सूचना पहिल्या फेरीच्याच भाषेत द्या आणि घरी काय बोलतात ते दर फेरीला विचारा.

सगळ्यात मोठं दुखणं गळतीचं, म्हणजे अभ्यासातून मुलं सुटण्याचं. ३०० मुलं घेतलीत आणि वर्षाला १० टक्के सुटली, तर पाच वर्षांनी उरतात सुमारे १७७. शेवटी २०० हवी असतील तर सुरुवात ३४०नं करा. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासात १९७२-७३ साली जन्मलेली १०३७ मुलं होती. ४५व्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक तपासणीला आले. लांब गेलेल्यांना ते प्रवासखर्च देऊन बोलावतात.

आपल्याकडे भाड्याच्या खोलीतलं कुटुंब खोली बदलतं, फोन बदलतो, की मूल गेलंच. म्हणून तीन नंबर घ्या: आईचा, आजोळचा, शेजाऱ्याचा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आसपास फोन करा, तेव्हा बाहेरगावची माणसंही मूळ घरी येतात.

तरी काही मुलं सुटतीलच. त्यांचे पहिल्या फेरीचे गुण उरलेल्यांच्या पहिल्या फेरीच्या गुणांशेजारी मांडा. सुटलेल्यांचे कमी निघाले, तर तुमच्या वाढलेल्या सरासरीतला काही भाग निव्वळ त्यांच्या जाण्याचा आहे.