आजी आपल्याला विसरते, तेव्हा तिच्यात काय उरतं?

नमस्कार. माझी आजी शेवटची दोन वर्षं मला ओळखत नव्हती. मी शेजारी बसलो की विचारायची, "आपण कोणाकडे आलात?" नातवाला अहो-जाहो! पण तिला सांभाळायला एक बाई यायच्या, त्या एकदा तिच्यावर जोरात खेकसल्या. तासाभरात आजी तो प्रसंग साफ विसरली. तरी त्यानंतर त्या बाई खोलीत आल्या की ती पदर घट्ट आवळून घ्यायची. का, ते तिला सांगता यायचं नाही.

घरात सगळे म्हणायचे, "तिला आता काही कळत नाही." तसं नव्हतं. का नव्हतं, तेच आज सांगतो.

(बोट कानाच्या जरा वर नेऊन)

इथून आत, मेंदूच्या मध्याकडे जा. तिथे दोन छोटे अवयव एकमेकांना खेटून आहेत. डावीकडे एक जोडी, उजवीकडे एक. मागचा हिप्पोकॅम्पस. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीकमधून आलेलं हे नाव. त्याच्या पुढे अमिग्डाला, म्हणजे बदाम. हे दोन्ही लिंबिक सिस्टिममध्ये, म्हणजे भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या गटात मोडतात. लॅटिनमध्ये 'लिंबस' म्हणजे काठ. 1878 मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने मेंदूच्या आतल्या काठावरच्या पट्ट्याला हे नाव दिलं. या सिस्टिममध्ये नेमके कोणकोणते भाग धरायचे यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही, पण आपल्याला हे दोनच पुरेत.

काय घडलं, कुठे घडलं, कोण होतं, याची नवी नोंद हिप्पोकॅम्पसशिवाय पक्की होत नाही. त्या प्रसंगाची भीती, धास्ती धरून ठेवण्यात अमिग्डालाचा मोठा वाटा. एरवी दोघं मिळून काम करतात. अंगावर काटा आणणारं काही घडलं की अमिग्डाला हिप्पोकॅम्पसला जणू बजावतो, हे नीट लिहून ठेव. म्हणून परवाची भाजी आठवत नाही, पण दहा वर्षांपूर्वीचा अपघात रस्त्यावरच्या काचांसकट आठवतो.

पण दोघांची ताटातूट झाली तर?

एदुआर क्लापारेद नावाचे स्विस डॉक्टर होते. त्यांची एक रुग्ण होती, तिला नवं काहीच लक्षात राहायचं नाही. रोज भेटणारे डॉक्टरही तिला रोज नवे. एके दिवशी त्यांनी बोटांच्या बेचक्यात टाचणी लपवली आणि तिच्याशी हात मिळवला. टोचलं, कळवळली, थोड्या वेळात विसरली. पुन्हा त्यांनी हात पुढे केला, तर हिने आपला हात झटकन मागे घेतला! का, विचारल्यावर गोंधळली, म्हणाली की कधीकधी लोकांच्या हातात टाचणी असते. आपल्यालाच ती टोचली होती, हे मात्र तिला आठवेना. हे त्यांनी 1911 मध्ये छापलं. आज असं रुग्णाशी कोणी करू नये, करूही देणार नाहीत. पण तो मागे गेलेला हात वाचला, तेव्हा मला आजीचा पदर दिसला.

पुढे 2010 मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठात हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच जणांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. पाहिलेलं ते लगेच विसरले. मनातलं दुःख मात्र मागे रेंगाळत राहिलं. नंतर अल्झायमरच्या रुग्णांमध्येही हेच दिसलं. त्या आजारात हिप्पोकॅम्पस फार लवकर पोखरला जातो. पुढे अमिग्डालाही सुटत नाही, हेही खरं. पण आठवण गेली म्हणून त्याच दिवशी भावना गेली, असं होत नाही.

हे वाचल्यावर मी आजीला "मी कोण, ओळख बघू" असं विचारणं बंद केलं. त्या प्रश्नाने ती कावरीबावरी व्हायची. प्रश्न विसरायची, पण चेहरा दुपारभर उतरलेला राहायचा. मग मी भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन जायला लागलो. आम्ही दोघं फोडत बसायचो. दाणे ती स्वतः खायची नाही, एकेक करून माझ्या तळहातावर ठेवायची.