गुलाबाशेजारी आयरिस

नमस्कार मंडळी. आजचा विषय मुंबईचा नाही, आधीच सांगून टाकते. आयरिस हे कंदापासून येणारं फूलझाड, आणि दाढीवाला म्हणजे ज्याच्या खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो तो. या दाढीवाल्या आयरिसला हिवाळ्यात चांगली कडक थंडी लागते, आपल्या दमट हवेत तो फुलायचा नाही, दादरला कुणी कंद गळ्यात मारायला लागलं तर सरळ पुढे व्हा. पण हल्ली प्रत्येकाचं कुणी ना कुणी थंडीच्या गावाला असतंच ना, आणि मग विचारणा येते, गुलाबाच्या वाफ्यात कुठला आयरिस लावू?

तर माझी मावसबहीण असते शिमल्याजवळ. भाऊजी फौजेतून रिटायर. त्यांनी दाढीवाल्या आयरिसचे कंद आणले, आल्यासारखे गाठीगाठीचे, आणि फुटपट्टी लावून वीत-वीतभर खोल खड्डे घेतले, अगदी परेडला उभे केल्यासारखे एका रांगेत, वरून गुलाबाचंच शेणखत आणि पाचोळ्याचा जाड थर. पानं आली हिरवीगार. फूल एकही नाही. पुढच्या वर्षीही पानंच! भाऊजी म्हणे, नर्सरीवाल्याने फसवलं. तेवढ्यात शेजारच्या अम्मा आल्या, विचारलं-बिचारलं काही नाही, कुणाचीतरी खुरपी उचलली आणि कंदांची पाठ उघडी पडेपर्यंत माती खरवडून काढली. भाऊजी ओरडतायत, अम्माजी, मर जाएगा! आणि अम्मा म्हणतात, इसको धूप चाहिए, रजाई नहीं. पुढच्या मे महिन्यात गुलाबी गुलाबांशेजारी जांभळी फुलं, आणि आता आल्यागेल्याला भाऊजीच लेक्चर देतात, कंदाची पाठ उघडी हवी म्हणून, अम्मांचं नावसुद्धा नाही!

म्हणजे दाढीवाला असेल तर कंदाची पाठ वर, उन्हात. परत सांगते, पाठ वर. तो वाफ्याच्या कडेला लावायचा, दक्षिणेकडच्या, कारण गुलाबाला लागतं भरपूर पाणी आणि खत, त्यात हा कुजतो. एवढं सांभाळणं जमणार नसेल तर सायबेरियन आयरिस घ्या, हा बिनदाढीचा. त्याला ओलसर माती चालते, मुळं इंचभर मातीखाली गेली तरी चालतात, आणि गुलाबाचा पहिला बहर येतो साधारण तेव्हाच तोही फुलतो.

रंग? निळा घ्या, डोळे मिटून. गुलाबात खरा निळा नसतोच, ते रंगद्रव्यच त्याच्यात तयार होत नाही. ते निळे गुलाब विकतात ना बुकेवाले, ते रंगाच्या पाण्यात ठेवलेले पांढरे गुलाब, वर चमकीही मारतात, मला तर बघवत नाही, लग्नात कुणी दिला की मी शेजारच्या खुर्चीवर ठेवून येते. आणि हो, तीन-चार वर्षांनी गड्डा दाटला की फुलं संपल्यावर कंद सोडवून वेगळे लावा. दाढीवाले असतील तर परत तेच, पाठ वर.