बावीस हजारांचा निधी आणि पाच डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार. मार्च संपला की आपल्या बडोद्यातल्या छोट्या ट्रस्टांचे खजिनदार व्हाउचरांच्या फायली काखोटीला मारून सी.ए.कडे खेपा घालू लागतात. मदत परदेशातल्या पीडितांसाठी असेल, तर या खेपा वाढतात. का, ते सांगायचंच आहे. पण आधी एक हकीकत.

साल 1938. जपानने चीनवर चढाई केली होती. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी लोकांना साद घातली आणि जुलैच्या 7 ते 9 तारखांना चीन निधी गोळा झाला. किती? 22,000 रुपये. पुन्हा सांगतो, फक्त 22,000. सप्टेंबरात पाच डॉक्टर निघाले, सोबत रुग्णवाहिका. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय अवघं 27. बाकीचे चौघे मायदेशी परतले, कोटणीस परतले नाहीत. 1940 मध्ये आघाडीवर जखमींची रीघ लागली, तेव्हा त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या. 9 डिसेंबर 1942 रोजी चीनमध्येच ते गेले. वय 32.

आता हिशेब बघा. जमेच्या बाजूला 22,000 दिसतात. कोटणीसांची चार वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची? म्हणून वार्षिक अहवालात ताळेबंदाशेजारी आणखी एक पान हवंच: कोण गेलं, किती दिवस राहिलं, किती रुग्ण तपासले, किती औषधं पोचली. वार्षिक सभेतल्या शाल-श्रीफळांवर आणि स्मृतिचिन्हांवर होणारा खर्च मात्र मला मुळीच पटत नाही. तो पैसा औषधांचा आहे.

आता नियम. ट्रस्टने उत्पन्नाचा 85 टक्के भाग धर्मादाय कामावर खर्च करायचा असतो, आणि तो भारतात. परदेशातला खर्च त्यात धरला जावा, तर प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. मंजुरी नसेल, तर तेवढ्या उत्पन्नावर करमाफी नाही. काम कितीही चांगलं असलं, तरी नाही.

दुसरी अडचण बँकेत येते. वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची जी सोय आहे, ती व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. मग एखादा विश्वस्त स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवतो आणि ट्रस्टकडून वसूल करतो. ऑडिटमध्ये नेमकं हेच अडतं: बँकेचा कागद त्याच्या नावाचा आणि खर्च ट्रस्टचा. तसं करू नका.

आणि देणगीदारांनो, तुम्ही परदेशी संस्थेला थेट पैसे पाठवलेत, तर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही. इथल्या ट्रस्टला द्यायचे असतील, तर आधी मंजुरीचा आदेश बघायला मागा. त्यात कोणतं काम आणि कोणती वर्षं लिहिली आहेत ते वाचा. 2,000 रुपयांच्या वरची देणगी रोखीने देऊ नका, त्यावर सवलत नाही. चेक द्या, आणि पावतीवर आपला पॅन नंबर बरोबर लिहिलाय ना, ते तिथेच उभं राहून तपासा.