आजी-आजोबा निघाले घानाला

[दृश्य: अंधारं स्वयंपाकघर. टॉर्चचा झोत ओट्यावर फिरतोय.]

दिवे गेलेत. घानात याला खास शब्द आहे: डुमसोर. डुम म्हणजे विझवणं, सोर म्हणजे पेटवणं. भारनियमनात वाढलेल्या आपल्या पिढीला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पण टॉर्च घेऊन पाण्याचा फिल्टर शोधणाऱ्या या दोघांना तो इथे येऊनच कळला.

साठी उलटलेलं हे जोडपं अमेरिकेतल्या युटा राज्यातून घानाच्या राजधानीत, अक्राला आलंय. मुलं आपापल्या संसारात, नातवंडं शाळेत. घर बंद करून, मलेरियाच्या गोळ्या आणि पीतज्वराच्या लसीचा दाखला सोबत घेऊन दोघं दीड वर्षासाठी निघाली. त्यांची नावं आपण घेणार नाही. अशी जोडपी येत राहतात, जात राहतात. चेहरे बदलतात, काम तेच असतं.

[दृश्य: दारातल्या चपला-बूट. पांढरा शर्ट, छातीवर काळी नावपट्टी.]

मिशनरी म्हटलं की आपल्याला मिरजेचा दवाखाना आठवतो, नगरच्या शाळा आठवतात. उभा जन्म परमुलखात घालवलेली माणसं आठवतात. हा प्रकार वेगळा आहे. चर्च ऑफ जीझस ख्राईस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्यांना जग मॉर्मन म्हणून ओळखतं, त्यांची ही रीत. अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली जातात. मुलांना दोन वर्षं, मुलींना दीड. आणि म्हातारपणी नवराबायको जोडीनं जाऊ शकतात. पगार नाही. खर्च स्वतःच्या बचतीतून. देश कुठला, ते चर्च ठरवतं.

एक गंमत सांगायला हवी. चाळीस वर्षं संसार केलेली ही माणसं चोवीस तास एकमेकांसोबत पहिल्यांदाच राहतात, ती इथे. ऑफिस नाही, शेजारीण नाही, गॅरेज नाही. धर्मप्रसारापेक्षा ही परीक्षा अवघड असावी, असं आपलं माझं मत.

[दृश्य: केप कोस्टचा किनारा. मागे पांढरा किल्ला.]

पण ही जोडपी इथे आली कशी, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. आणि मागे गेलं की अवघडल्यासारखं होतं.

1978 च्या जूनपर्यंत या चर्चमध्ये आफ्रिकी वंशाच्या काळ्या पुरुषांना पौरोहित्य मिळत नव्हतं. मंदिरातले महत्त्वाचे विधी तर काळ्या स्त्रियांनाही बंद होते. आणि तरीही इथे, केप कोस्टला, जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाचे एक गृहस्थ 1964 पासून हाच पंथ शिकवत होते. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. हाती आलेली पुस्तकं वाचायची, लोकांना सांगायची, मंडळ्या उभ्या करायच्या आणि सॉल्ट लेक सिटीला, म्हणजे चर्चच्या मुख्यालयाला, पत्रं लिहायची. माणसं पाठवा, माणसं पाठवा. चौदा वर्षं! ज्या घराचं दार आपल्याला अर्धंच उघडं आहे, त्या घराचा पत्ता हा माणूस गावभर सांगत होता. बंदी उठल्याची बातमी त्यांनी रात्री उशिरा बीबीसीच्या रेडिओवर ऐकली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन जोडपी नायजेरियात उतरली. रेंडेल आणि रेचेल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. डिसेंबरात ती घानात आली. एवढ्या मोठ्या कामाला चर्चनं तरणी पोरं धाडली नाहीत, पांढऱ्या केसांची माणसं धाडली. ज्या गावातून एकेकाळी गुलामांची जहाजं सुटली, त्याच गावाच्या समुद्रात जॉन्सनच्या माणसांचे बाप्तिस्मे झाले.

सगळ्यांच्या वाट्याला मात्र ही गोष्ट गोड आली नाही. सेकोंडी-ताकोराडीच्या रिबेका मूल्ड स्वतःची मंडळी चालवत होत्या, लोक त्यांना प्रवक्ती मानत. नव्या व्यवस्थेत पौरोहित्य फक्त पुरुषांचं. जी बाई कालपर्यंत पुढे उभी राहून बोलत होती, ती आता बाकावर बसली. पुढे त्यांनी चर्च सोडलं. त्यांच्यामागून बरेच जण गेले.

[दृश्य: बंद फाटक, कुलूप.]

14 जून 1989. घानाचे लष्करी शासक जेरी रॉलिंग्ज यांच्या सरकारनं चर्चच्या कामावर बंदी घातली, परदेशी मिशनऱ्यांना देश सोडायला लावला. सभागृहांना कुलपं लागली. जवळजवळ दीड वर्षं घानातल्या सभासदांनी घराघरांत प्रार्थना केली. या काळाला ते ‘द फ्रीझ’ म्हणतात. 1990 च्या नोव्हेंबरअखेर बंदी उठली, तेव्हा मंडळ्या जागच्या जागी होत्या. पाहुणे गेले म्हणून घर पडलं नव्हतं.

2002 मध्ये अक्राजवळच्या टेमाला मिशनरी प्रशिक्षण केंद्र निघालं. 11 जानेवारी 2004 ला अक्रातल्या मंदिराचं समर्पण झालं. आज इथल्या रस्त्यांवर दिसणारे तरुण मिशनरी बरेचसे आफ्रिकेतलेच आहेत.

मग युटाहून आलेल्या या आजी-आजोबांचं इथे काय काम?

[दृश्य: ट्रोट्रोचा, म्हणजे इथल्या वडापचा, थांबा. मेट, म्हणजे कंडक्टर, ओरडतोय: ‘सर्क-सर्क-सर्क!’]

काम असं की ऐकून कुणी भारावून जाणार नाही. तरुण मिशनऱ्यांच्या खोल्या तपासायच्या. मच्छरदाणीला भोक आहे का? फिल्टर धुतलाय का? न्हाणीघर... जाऊ द्या. ताप भरलेल्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचं. घरभाड्याच्या पावत्या लावायच्या. नव्यानं जबाबदारी घेतलेल्या स्थानिक माणसाशेजारी बसून त्याला हिशेबाची वही समजावायची, आणि रविवारी मागच्या बाकावर बसून गप्प राहायचं. गप्प राहणं सगळ्यात कठीण, विशेषतः जन्मभर साहेब असलेल्या माणसाला.

चर्चच्या रीतीप्रमाणे एकोणीस वर्षांचा पोरगाही ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, आणि सत्तरीचा आजोबाही ‘एल्डर’. घानाला हे मान्य नाही. इथे वय म्हणजे वय. केस पांढरे दिसले की माणूस ‘पापा’ होतो, बाई ‘मामे’ होते, आणि प्लास्टिकची खुर्ची आपोआप पुढे येते. मामे बुधवारी जन्मली असेल तर तिला आणखी एक नाव मिळतं: अकुआ. पैसे डाव्या हातानं दिले की विक्रेतीचा चेहरा बदलतो. ते आपल्याला कळतं, अमेरिकनांना शिकावं लागतं.

[दृश्य: अंगणात बसलेले वृद्ध. समोर वही, रेकॉर्डर.]

एका कामापाशी मात्र थांबायला हवं. या चर्चला पूर्वजांचं फार. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जशा पिढ्यांच्या वह्या असतात, तशा घानातल्या अकान लोकांकडे नाहीत. त्यांची वंशावळ चालते आईकडून आणि राहते तोंडात. कुळाचा वडीलधारा, अबुसुआपानयिन, ती सांगतो. तो गेला की पिढ्या गेल्या. म्हणून चर्चच्या वंशावळ संस्थेसाठी स्थानिक तरुण गावोगाव फिरून हे बोल टिपून घेतात.

वडीलधाऱ्याकडे जाताना रिवाज म्हणून श्नॅप्सची बाटली न्यायची असते. आणि या पंथात दारू वर्ज्य. चहा-कॉफीसुद्धा. अशा वेळी काय करायचं, ते पापा-मामेंनी सोबतच्या मुलालाच विचारलेलं बरं.

म्हातारा बोलू लागतो. आई, आईची आई, तिची आई, तिचे भाऊ, कोण कुठून आलं, कुणाचं शेत कुठे होतं. मुलगा लिहितोय. पापा-मामेंना ट्वी या अकान भाषेतला एक शब्द कळत नाही, पण दोघंही हलत नाहीत. मग म्हातारा थांबतो, मामेकडे वळतो आणि काहीतरी विचारतो. मुलगा भाषांतर करतो:

“ते विचारतायत, तुमच्या आजीच्या आईचं नाव काय?”

[दृश्य: मामेचा चेहरा. ती बोटं मोजतेय.]