प्रस्तावात न मावणारं काम

(दृश्य : रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. सकाळ. खिडक्या उघडल्या जाताहेत.)

बी. एस्सी.चं प्रात्यक्षिक अकराला. प्रयोगशाळेचं कुलूप मात्र दहाच्या आधीच निघतं. परिचर मामा आधी ब्युरेटच्या तोट्या तपासतात, कारण एखादी गळत असेल तर त्या टेबलावरच्या मुलाचं सगळं रीडिंग चुकणार. मग डिस्टिल्ड वॉटर. किपच्या उपकरणात फेरस सल्फाइडचे तुकडे. सोडियम रॉकेलमध्ये नीट बुडालेलं आहे ना, याची खात्री. आम्ल पातळ करायचं तर आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. पहिल्या वर्षाच्या पोराला हे पुस्तकातून कळतं आणि मामा ओरडले की जन्मभर लक्षात राहतं.

प्रात्यक्षिक नीट पार पडलं, तर या तासाभराची नोंद कुठेही होत नाही. मग गुणवंत शिक्षकेतर कर्मचाऱ्याचा पुरस्कार द्यायचा, तर निवडायचं कशावरून?

(दृश्य : विद्यापीठाची मुख्य इमारत, कोल्हापूर. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा.)

शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झालं, तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते. त्याच वर्षी, अडीच महिने आधी, त्यांचा वाढदिवस देशात पहिल्यांदा शिक्षक दिन म्हणून साजरा झाला होता. तेव्हापासून शिक्षकांना ५ सप्टेंबर आहे. ग्रंथपालांना १२ ऑगस्ट आहे, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीचा. मद्रासमध्ये गणित शिकवणारा हा माणूस १९२४ मध्ये तिथल्या विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि पुढे ग्रंथालयशास्त्राला त्याने पाच सूत्रं दिली. त्यातलं चौथं सूत्र आहे : वाचकाचा वेळ वाचवा.

कार्यालयातल्या लिपिकाचा, प्रयोगशाळेतल्या परिचराचा, शिपायाचा, वसतिगृहातल्या मावशींचा दिवस महाविद्यालयाच्या दिनदर्शिकेत सापडत नाही.

वर्धापन दिनाला विद्यापीठ गुणवंत शिक्षकांबरोबर गुणवंत सेवकांचाही गौरव करतं. आदर्श शिक्षकाच्या पुरस्काराला बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचं नाव आहे. रयत शिक्षण संस्थेच्या तालमीत वाढलेला हा विद्यार्थी पुढे याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांसाठी ही मोठी गोष्ट आहे. कोणाला निवडायचं, हा प्रश्न मात्र पुरस्कार जिथे जिथे दिले जातात, तिथे तिथे अडतो. आणि तो अडतो प्रस्तावापाशी.

(दृश्य : टेबलावर दोन फायली. एक जाड, एक पातळ.)

पुरस्कारासाठी प्रस्ताव लागतो. प्राध्यापकाचा प्रस्ताव जाडजूड होतो. शोधनिबंध, पुस्तकं, संशोधन प्रकल्प, पीएच. डी.चे विद्यार्थी, चर्चासत्रांची प्रमाणपत्रं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये एपीआय, म्हणजे प्राध्यापकाचं काम गुणांत मोजायची पद्धत आणली, तेव्हापासून तर प्रत्येक कागदाला गुण मोजायची सवयच लागली. परिचराच्या फायलीत काय असतं? सेवापुस्तक. गोपनीय अहवालातला 'चांगला' हा शेरा. फार तर मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या एका दिवसाच्या पगाराची पावती.

म्हणून मग एक सोपी वाट निघते : पाळी. यंदा कार्यालय, पुढच्या वर्षी प्रयोगशाळा, त्यानंतर ग्रंथालय. किंवा सरळ सेवाज्येष्ठता. निवृत्तीला सहा महिने उरले की नाव पुढे. कुणी दुखावत नाही हे खरं. पण ज्याच्या कामाची आठवण काढत मुलं वीस वर्षांनी भेटायला येतात, तो आणि ज्याच्या टेबलासमोर रांग हलायची नाही, तो, दोघेही त्याच शालीखाली येतात. पाळीने दिलेल्या बक्षिसाला मी तरी गौरव म्हणणार नाही.

(दृश्य : कार्यालयाची खिडकी. 'शिष्यवृत्ती विभाग' अशी पाटी. बाहेर विद्यार्थी.)

या खिडकीमागे बसणाऱ्यांना मुलं भाऊसाहेब म्हणतात. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर गेल्यापासून काम कमी झालं, असा एक गोड समज आहे. प्रत्यक्षात मुलाच्या आधार कार्डावर नाव एक, गुणपत्रिकेवर एक. बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा. जात पडताळणी अजून समितीकडे. अर्ज परत येतो आणि मुलाला ते कळतही नाही, कारण अर्जातला मोबाइल नंबर नेटकॅफेवाल्याचा असतो.

आता दोन भाऊसाहेब बघा. एक म्हणतो, 'पोर्टलवर दिसतंय की, बघून घ्यायचं.' दुसरा वर्गाच्या हजेरीपटावरून मुलाचा मित्र शोधतो, त्याच्याकरवी निरोप धाडतो, मुदत संपायच्या आत पोराला तहसील कार्यालयात पिटाळतो. दोघांच्या गोपनीय अहवालात शेरा एकच असू शकतो. फरक त्या मुलाच्या खात्यात पडलेल्या रकमेत दिसतो आणि ती रक्कम आली नसती तर शिक्षण सुटलं असतं, हे फक्त त्याच्या घरच्यांना माहीत असतं. मग त्या घरच्यांना विचारावं. निवड समितीत माजी विद्यार्थी का नसावेत?

(दृश्य : सातारा. जुनी छायाचित्रं.)

ही उपेक्षा आजची नाही, आणि तिला उत्तरही याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, आणि ती पंगत सांभाळत होत्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांना ना पद होतं, ना पगार. पण रयतेच्या माणसाला संस्थेची गोष्ट सांगायला लावा, तो लक्ष्मीबाईंना वगळून सांगूच शकणार नाही. नेमकं काय केलं ते सांगितलं जातं, म्हणून ते टिकलं.

आपली मानपत्रं इथेच कमी पडतात. 'प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख.' नाव बदला, तेच मानपत्र पुढच्या वर्षी चालतं. त्याऐवजी एवढंच लिहा की या परिचरांच्या काळात प्रयोगशाळेत कुणालाही इजा झाली नाही. किंवा, या मावशींनी रात्री तापाने फणफणलेल्या मुलीला दवाखान्यात नेलं आणि सकाळी ड्यूटीवरही हजर झाल्या. दोन ओळी, पण त्या दुसऱ्या कुणाच्या नावाला चिकटणार नाहीत.

(दृश्य : विद्यापीठ परिसरातला तलाव. पाण्याचे टँकर.)

ऑगस्ट २०१९. पंचगंगेच्या महापुरात कोल्हापूर शहराची पाणी उपसा केंद्रं बुडाली. चारी बाजूंनी पाणी आणि नळ कोरडे. शिवाजी विद्यापीठाने आपल्या आवारात तळी, विहिरी राखल्या होत्या, स्वतःचं पाणी स्वतः शुद्ध करायची सोय केली होती. त्या दिवसांत इथून शहराला पाणी गेलं. तळी राखण्याच्या धोरणाचं कौतुक झालं, ते योग्यच. पण धोरण पंप सुरू करत नाही. पंप सुरू करायला, टँकर भरायला माणूस लागतो, आणि त्याचं स्वतःचं घरही त्याच पुरात असू शकतं.

(दृश्य : बंद कार्यालय. दाराला संपाची नोटीस.)

फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आश्वासित प्रगती योजना (बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) आणि सातव्या वेतन आयोगाच्या मागण्यांसाठी आधी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, मग संप केला. परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. बैठकव्यवस्था, उत्तरपत्रिकांची मोजदाद, ऑनलाइन आलेल्या प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्स, सीलबंद पाकिटं : हे सगळं कोण करत होतं, ते त्या आठवड्यांत सगळ्यांना समजलं. शाल-श्रीफळ हा पगाराला पर्याय नाही, हे गौरव समारंभ भरवणाऱ्यांनी मनात पक्कं ठेवलेलं बरं.

कायद्याने एक पाऊल टाकलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार महाविद्यालय विकास समितीत निवडून आलेल्या तीन शिक्षकांबरोबर शिक्षकेतरांनी निवडलेला एक प्रतिनिधी बसतो. पुरस्काराचे निकष ठरवण्याची चर्चा तिथे व्हायला हरकत नाही. त्या एका खुर्चीवरच्या माणसाला आधी बोलू द्यावं.

(दृश्य : दुपार. फाटकावर सुरक्षारक्षक. तासिका संपवून घाईने बाहेर पडणारी प्राध्यापिका.)

आणि निकष लिहायला बसलात की या दोघांकडेही बघा. फाटकावरचा रक्षक एजन्सीमार्फत आलेला. प्राध्यापिका तासिका तत्त्वावर, एक महाविद्यालय उरकून दुसऱ्याकडे निघालेली. 'नियमित सेवा किमान इतकी वर्षं' ही अट पहिल्या रकान्यात टाकली, की दोघांचीही नावं तिथल्या तिथे गळतात. ती अट कोणत्याही कायद्याने सक्तीची केलेली नाही. महाविद्यालय स्वतःच्या पुरस्कारासाठी ती उद्याच्या बैठकीतही काढू शकतं.