सुई ऐकते, करंट देत नाही

नमस्कार श्रोतेहो. हातापायातली ताकद कमी झाली म्हणून मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलात दाखवलं आणि डॉक्टरांनी ‘ईएमजी करून या’, म्हणजे स्नायूतली वीज तपासून या, म्हटलं, की नागपुरात घरचे हमखास म्हणतात, “आता करंट देतील.” सोबत होणाऱ्या नसेच्या तपासणीत बारीक झटके असतात, हे खरं. सुईच्या ईएमजीत मात्र बाहेरून काहीच करंट येत नाही. वीज स्नायूचीच असते, सुई ती फक्त ऐकते.

मज्जारज्जूतल्या एका चेतापेशीच्या तंतूला स्नायूत शिरल्यावर फांद्या फुटतात आणि एकेक फांदी स्नायूच्या एकेका धाग्याला जाऊन भिडते. ती पेशी आणि तिचे सगळे धागे मिळून झालं मोटर युनिट. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका युनिटला जेमतेम दहाबारा धागे, पोटरीत हजाराच्या पुढे! पेशीचा हुकूम आला की ते सारे एकदमच आकसतात.

1929 साली एड्रियन आणि ब्रॉंक या शास्त्रज्ञांनी स्नायूत सुई घालून ती लाउडस्पीकरला जोडली. हे युनिट कानांनी ऐकता येतं, म्हणून तर रेडिओवर सांगायला बरं. दंडात सुई आहे असं समजा आणि तर्री-पोह्यांची प्लेट उचला. आधी लहान युनिटं जागी होतात. पहिलं सेकंदाला पाचसात वेळा टकटकतं, दहाच्या आसपास गेलं की दुसरं साथीला येतं. जोर वाढवला की मोठी युनिटं उतरतात आणि सगळा एकच खरखराट होतो.

खरी गंमत बिघाडात आहे. नसेचे बरेच तंतू मेले असतील तर एकच युनिट वीस-तीसच्या वेगाने धावत सुटतं, दुसरं येतच नाही. काही महिन्यांनी शेजारचे वाचलेले तंतू पोरके धागे सांभाळायला घेतात, म्हणून आवाज जाड होतो. स्नायूच आजारी असेल तर उलट: थोड्याशा जोरालाही बारीक आवाजांची गर्दी. आणि हात सैल सोडलेला असतानाही टिनावर पाऊस पडल्यासारखं टपटपलं, तर डॉक्टर कान टवकारतात.

हल्ली कातडीवर चौसष्ट इलेक्ट्रोडांची, म्हणजे वीज टिपणाऱ्या टिकल्यांची, जाळी चिकटवून, गणिताने एकेक युनिट वेगळं काढता येतं. पण खोलवरचे स्नायू तिला नीट ऐकू येत नाहीत. तिथे सुईच लागते, आणि ती थोडी दुखते, खोटं कशाला बोलू?

तपासणीच्या दिवशी अंगाला तेल-मलम लावू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर सुई टोचायच्या आधीच सांगा.